स्वस्त मल्टीमीटर : त्याची पारख आणि त्याची पत

धान्य मोजावयास माप, सोने तोलावयास काटा आणि ताप पाहावयास थर्मामीटर, अशी मोजण्याची साधने संसारात फार पूर्वीपासून रुळलेली आहेत. परंतु ज्या विजेवाचून आज घरातील एकही काम पुरे होत नाही, ती किती आली, कोठे अडली आणि कोठे चोरपावलांनी निसटली, हे पाहण्याचे साधन बहुतेक घरांत नसते. दिवा लागला म्हणजे वीज आहे आणि न लागला म्हणजे नाही, एवढेच आपले विजेचे गणित! डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि हाताने चाचपून पाहता न येणाऱ्या या शक्तीच्या बाबतीत असे अंदाजपंचे वागणे किती धोक्याचे आहे, हे आम्ही सांगावयास नको.

ही उणीव भरून काढू पाहणारे एक चिमुकले यंत्र अलीकडे खेडोपाडी पोहोचले आहे. तळहातावर मावेल एवढी पिवळी वा काळी डबी, वर आकडे दाखविणारी काच, मध्ये फिरते बटण आणि खाली एक तांबडी व एक काळी अशा दोन वायरी, असे त्याचे रूप असते. त्याला 'डिजिटल मल्टीमीटर' म्हणतात. या जातीतील सर्वांत साध्या नगाला व्यापारी 'डी. टी. ८३०' या नावाने ओळखतात. निरनिराळे कारखानदार तो निरनिराळ्या नावांनी विकतात, आणि बेळगावच्या बाजारात तो साधारणतः दीडशे ते तीनशे रुपयांत मिळतो.

हा मल्टीमीटर घ्यावा काय, आणि घेतल्यास त्याच्यावर कोठवर विसंबावे, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी कित्येकांना पडत असेल. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. बॅटरी, सेल, सौरदिवा, तुटलेली वायर, जळालेला फ्यूज यांची तपासणी करण्यास हा मल्टीमीटर म्हणजे एक प्रामाणिक चाकर होय. परंतु घरातील मुख्य विजेच्या बाबतीत तो 'शून्य' म्हणाला, एवढ्यावरून कोणीही तारेला हात लावू नये. ही दोन्ही विधाने कशाच्या आधारावर केली आहेत, ते पुढे क्रमाने पाहू.

खानापुरास याची गरज का?

खानापूर तालुका सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावते. कणकुंबी, जांबोटी, आमगाव या भागांतील पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. दाट जंगल, त्यातून गेलेल्या तारा, एकमेकींपासून दूर विखुरलेल्या वाड्या आणि मुख्य डी.पी.पासून लांबवर ओढलेल्या लाईनी, अशी येथील परिस्थिती आहे. लाईन जितकी लांब, तितका शेवटच्या घराशी विजेचा दाब कमी, हा सृष्टीचा नियम होय. त्यात कोणाची कुचराई असलीच पाहिजे असे नाही. पावसाळ्यात फांदी पडून वीज गेली की घरोघरी सौरदिवे, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर यांची आठवण होते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी उतरलेली आढळते. नदीकाठचा पंप घुमतो पण पाणी उचलत नाही, याचे कारण मोटारीत आहे की दाबात, हे कळत नाही. नाताळ जवळ आला म्हणजे गतवर्षीचा तारा आणि गोठ्यावरील दिव्यांची माळ पेटीतून बाहेर निघते आणि अर्धी माळ लागत नाही. अशा प्रत्येक प्रसंगी दोष नेमका कोठे आहे, हे दाखविणारे बोट हवे असते. ते काम मल्टीमीटर करतो.

खानापूर हे मातीकामासाठी आणि कौलांसाठी नावाजलेले गाव. येथील मनुष्य मडके घेताना त्यावर टिचकी मारून नाद ऐकतो आणि मगच पैसे देतो. मल्टीमीटरलाही अशीच टिचकी मारून घेतली पाहिजे. ती कशी मारावी, हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

यंत्राचा वंश

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि तारेचा अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजतात. ही तीनही नावे माणसांची आहेत : इटलीचा आलेस्सांद्रो व्होल्टा, फ्रान्सचा आंद्रे-मारी अँपिअर आणि जर्मनीचा गेओर्ग ओहम. या तीन राशी मोजण्यास पूर्वी तीन वेगवेगळी यंत्रे लागत. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरला हे ओझे बाळगणे नकोसे झाले आणि त्याने तिन्ही मापे एकाच पेटीत बसविली. १९२३ साली ती पेटी 'ॲव्होमीटर' या नावाने बाजारात आली. काट्याच्या या मीटरांवर मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या.

काट्याऐवजी आकडे दाखविणारा व्होल्टमीटर अमेरिकेत अँड्र्यू के यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार केला. त्या काळी तो मेजावर ठेवण्याचा, वजनदार आणि धनिक प्रयोगशाळांनाच परवडणारा होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोजणीची जवळजवळ सर्व यंत्रणा नखाएवढ्या एका चिपमध्ये मावू लागली आणि तेथून किंमत झपाट्याने खाली आली. आपल्याकडेही या विद्येची उपेक्षा झालेली नाही. नाशिकला 'मोटवाने' आणि 'ऋषभ' या नावांचे मल्टीमीटर तयार होतात, व ते कारखान्यांतून आणि शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून वापरले जातात. अर्थात त्यांची किंमत आणि योग्यता दोन्ही वेगळी. येथे आपण विचार करीत आहोत तो मात्र सर्वांत स्वस्त भावंडाचा.

डबीच्या आत काय चालते?

एवढ्या स्वल्प किमतीत बरोबर मोजणी कशी होते, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर एका दाखल्याने देतो. समजा, नळाची धार किती मोठी आहे हे आपणांस ठाऊक नाही. तिच्याखाली एक हंडा धरावा आणि बरोबर एक हजार अंक मोजून होईपर्यंत तो भरू द्यावा. मग नळ बंद करून, जिची धार ठाऊक आहे अशा तोटीने तो रिकामा करावा आणि रिकामा होईपर्यंत पुन्हा अंक मोजावेत. जितके अधिक अंक लागतील, तितकी नळाची धार मोठी. मल्टीमीटरच्या आत हंड्याच्या जागी एक कंडेन्सर असतो, नळाच्या जागी तपासावयाचा दाब आणि तोटीच्या जागी चिपमधील ठरीव दाब.

या युक्तीतील खुबी अशी की, हंडा थोडा लहानमोठा असला किंवा अंक मोजणारा थोडा सावकाश असला तरी उत्तर चुकत नाही, कारण भरताना आणि रिकामा करताना हंडाही तोच आणि मोजणाराही तोच. म्हणूनच हलक्या किमतीच्या भागांतूनही बऱ्यापैकी अचूक मोजणी साधते. सर्व भार काय तो तोटीच्या धारेवर, म्हणजे त्या ठरीव दाबावर असतो. मल्टीमीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी फार उतरली की हा ठरीव दाब ढळतो. तोटीची धार बारीक होते, हंडा रिकामा व्हावयास अधिक अंक लागतात आणि काचेवर खऱ्याहून मोठा आकडा दिसू लागतो. बॅटरी उतरल्याची खूण काचेवर उमटण्याची सोय पुष्कळ नगांत असते, परंतु सर्वच नगांत ती असेल असे गृहीत धरू नये. आकडे एकाएकी सर्वत्र फुगलेले वाटू लागले तर प्रथम आतील बॅटरी बदलावी.

काचेवर जास्तीत जास्त १९९९ हा आकडा दिसू शकतो. त्याहून मोठे माप आले तर डावीकडे केवळ १ हा अंक उभा राहतो. त्याचा अर्थ 'माझ्या या टप्प्यात मावत नाही' असा आहे. नवशिका त्याला एक व्होल्ट समजतो. ते चूक आहे.

घरच्या घरी करावयाच्या कसोट्या

चांगला मीटर जवळ नसतानाही नव्या मल्टीमीटरची परीक्षा घेता येते. आम्ही या जातीचे दोन नग घेऊन पुढील कसोट्या करून पाहिल्या आणि नंतर ते एका जाणत्या वायरमनजवळील चांगल्या मीटरशी ताडून पाहिले.

पहिली कसोटी वायरींची. बटण २०० ओहमवर ठेवून दोन्ही वायरींची टोके एकमेकांस घट्ट टेकवावीत. आकडा शून्याच्या जवळपास, बहुधा ओहमच्या काही दशांशांइतका आला पाहिजे. तो वायरींचा स्वतःचा रोध होय. आता टोके तशीच धरून वायरी मुळाशी व टोकाशी हलवून पाहाव्यात. आकडा उड्या मारू लागला तर आतील तांबे तुटत आले आहे असे समजावे. स्वस्त मल्टीमीटरमध्ये सर्वांत आधी दगा देते ती ही वायर.

दुसरी कसोटी बेरजेची. दोन नवे सेल घ्यावेत. प्रत्येकाचा दाब वेगळा मोजावा आणि मग ते एकापाठोपाठ जोडून एकत्र मोजावा. आमच्या एका नगाने एक सेल १.५८ व दुसरा १.५६ दाखविला आणि दोन्हींचा मिळून दाब ३.१४ दाखविला. बेरीज जुळली, म्हणजे मापपट्टी सर्वत्र सारखी आहे.

तिसरी कसोटी टप्प्यांची. एकच सेल २००० मिलिव्होल्ट, २० व्होल्ट आणि २०० व्होल्ट या तीनही टप्प्यांवर मोजावा. १५८०, १.५८ आणि १.६ असे आकडे आले तर ते एकमेकांशी सुसंगत होत. एखाद्या टप्प्यावर आकडा भलताच आला, तर तो टप्पा बिघडलेला आहे.

चौथी कसोटी ठरीव रोधाची. रेडिओ-टी. व्ही. दुरुस्तीच्या दुकानांत एक टक्क्याच्या अचूकतेचे रेझिस्टर अगदी थोड्या पैशांत मिळतात. १०० ओहम, एक हजार, दहा हजार आणि एक लाख ओहम असे चार घेऊन ठेवावेत. मल्टीमीटर वर्षातून एकदा त्यांच्याशी ताडून पाहावा. गरिबाची प्रयोगशाळा ती हीच. मात्र मोठा रोध मोजताना दोन्ही टोके बोटांत धरू नयेत, कारण मग रेझिस्टरबरोबर आपल्या शरीराचाही रोध मोजला जातो. पावसाळ्यात ओलसर हातांनी तर हा घोटाळा हमखास होतो.

आकडा किती खरा?

या जातीच्या माहितीपत्रकांत अचूकता बहुधा अशी दिलेली असते : बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डी. सी. विजेसाठी अर्धा टक्का आणि शेवटच्या अंकाचे दोन एकक, व घरगुती ए. सी. विजेसाठी सव्वा टक्क्याच्या आसपास आणि शेवटच्या अंकाचे दहा एकक. ही भाषा रुक्ष असली तरी तिच्यात फार मोठा अर्थ भरलेला आहे.

प्रथम बॅटरी घ्या. काचेवर १२.६० असा आकडा आला तर अर्धा टक्का म्हणजे ०.०६ आणि दोन एकक म्हणजे ०.०२. मिळून चूक फार तर ०.०८ व्होल्ट. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी काही तास विसावल्यानंतर १२.६ च्या वर असली तर भरलेली, १२.२ च्या आसपास असली तर अर्धी, आणि ११.९ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजतात. म्हणजे या कामास ०.०८ ची चूक कोठेही आड येत नाही. सौरदिव्यातील लिथियमचा सेल भरला की सुमारे ४.२ व्होल्ट दाखवितो व ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होऊ लागतो. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी असलेले सौरपटल काही न जोडता उन्हात धरले तर २० व्होल्टच्या आसपास दाब देते. ही सर्व मापे हा स्वस्त मल्टीमीटर निर्धास्तपणे सांगू शकतो. आमच्या दोन्ही नगांचे बॅटरीवरील आकडे वायरमनच्या मीटरशी पाच शतांश व्होल्टच्या आत जुळले.

आता भिंतीतील वीज घ्या. आपल्या देशात घरगुती विजेचा नेमलेला दाब २३० व्होल्ट आहे. या टप्प्यावर शेवटचा अंक एका व्होल्टचा असतो. म्हणून दहा एकक म्हणजे दहा व्होल्ट, आणि वर सव्वा टक्क्याचे सुमारे तीन. काचेवर २३० दिसले तरी खरा दाब २१७ पासून २४३ पर्यंत कोठेही असू शकतो, आणि तरीही यंत्र आपल्या वचनास जागले असेच म्हणावे लागेल! आमच्या एका नगाने २३८ व दुसऱ्याने २२९ दाखविले, तेव्हा चांगला मीटर २३३ दाखवीत होता. म्हणून 'आमच्या घरी दाब दहा व्होल्ट कमी आहे' अशी तक्रार केवळ या आकड्यावरून कोणी करू नये.

तथापि एका मार्गाने यातूनही उपयोग करून घेता येतो. एकाच नगाने, एकाच ठिकाणी, थोड्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांमधील फरक पुष्कळच विश्वसनीय असतो. पंप बंद असताना प्लगपाशी २२६ आणि पंप सुरू होताच १९८ असे दिसले, तर २८ व्होल्टची घसरण होत आहे, हे निःसंशय. मग दोष मोटारीत शोधण्यापेक्षा लांब, बारीक वायरीत किंवा सैल जोडात शोधावा. तीन फेजच्या पंपाचे काम मात्र वायरमनवरच सोपवावे. तेथे दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्टच्या घरात असतो.

आणखी एक गोष्ट. हा मल्टीमीटर ए. सी. वीज खऱ्या अर्थाने मोजीत नाही. तो तिची सरासरी काढतो आणि लाट गुळगुळीत आहे असे मानून आकडा वाढवून दाखवितो. लाईनीच्या विजेला हे चालते. परंतु चौकोनी लाट देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इन्व्हर्टरवर तो खऱ्याहून सुमारे अकरा टक्के जास्त दाखवील. २३० असता २५५ दिसले म्हणून इन्व्हर्टर बिघडला, असा निष्कर्ष काढू नये.

शून्याची साक्ष

येथवर पाहिलेल्या चुकांनी फार तर पैशांचे नुकसान होईल. आता ज्या चुकीने जीव जातो तिचा विचार करू.

फळा उघडून तारेला हात घालण्यापूर्वी मनुष्य मल्टीमीटर लावतो. काचेवर शून्य येते आणि तो निश्चिंत होतो. परंतु शून्याचा अर्थ 'वीज नाही' एवढाच नसतो. बटण चुकून डी. सी.च्या खुणेवर राहिले असेल तर भिंतीतील २३० व्होल्टही शून्याच्या आसपास दिसतात. वायर आतून तुटलेली असेल तरी शून्य येते. टोकाखाली गंज, रंग किंवा मेण असेल तरी शून्य येते. आणि सर्वांत फसवे शून्य न्यूट्रलचे. न्यूट्रल मागे कोठे तुटला असेल आणि घरातील एखादे उपकरण चालू स्थितीत असेल, तर त्या उपकरणातून वीज न्यूट्रलच्या तारेतही येऊन उभी राहते. मग फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला तर शून्य, आणि दोन्ही तारा मात्र जिवंत! दिवे गेलेले आहेत, मीटर शून्य म्हणतो आहे, आणि तरीही स्पर्श प्राणघातक, अशी ही अवस्था आहे.

म्हणून जगभरचे जाणते वायरमन एक त्रिसूत्री पाळतात. जेथे वीज आहे हे निश्चित ठाऊक आहे अशा चालू प्लगवर मल्टीमीटर आधी लावून तो बोलतो आहे याची खात्री करावी. मग संशयित तारा तपासाव्यात, आणि त्याही तीन प्रकारांनी : फेज व न्यूट्रल, फेज व अर्थिंग, न्यूट्रल व अर्थिंग. त्यानंतर पुन्हा त्या चालू प्लगवर जाऊन मल्टीमीटर अजूनही बोलतो आहे हे पाहावे. तीनही पायऱ्या पुऱ्या झाल्या तरच त्या शून्याची साक्ष ग्राह्य धरावी, आणि तीही मेन स्विच बंद करून व तो दुसरा कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करूनच. कोर्टात साक्षीदाराची साक्ष झाली म्हणजे त्याची उलटतपासणी होते. जेथे प्राणांचा प्रश्न आहे तेथे दोनशे रुपयांच्या साक्षीदाराला त्यातून सूट देण्याचे कारण नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. बंद केलेल्या तारेत शेजारच्या जिवंत तारेच्या सान्निध्याने काही व्होल्टांचा भास निर्माण होतो आणि मल्टीमीटर एखादा विचित्र आकडा दाखवितो. हा खरोखरच पोकळ दाब असू शकतो. परंतु तो पोकळ आहे हे ठरविण्याचे काम जाणत्याचे आहे. घरच्या माणसाने प्रत्येक आकडा खराच समजून हात मागे घ्यावा.

तीन ठिकाणी सावधान

पहिले ठिकाण '१० अँपिअर' असे लिहिलेले भोक. प्रवाह मोजण्यासाठी तांबडी वायर त्यात घालतात. त्या वाटेवर आत बहुधा फ्यूज नसतो, आणि तसे डबीवर छापलेलेही असते. प्रवाह मोजून झाल्यावर वायर तेथेच विसरली आणि टोके भिंतीच्या प्लगमध्ये घातली, तर ते सरळ शॉर्टसर्किट होय. ठिणगीचा स्फोट हातातच होतो. आमची सूचना अशी की, घरगुती वापरात या भोकावर चिकटपट्टी लावून ते कायमचे बंद करावे. बॅटरीचा प्रवाह मोजण्याची वेळ क्वचितच येते, आणि भिंतीतील विजेचा तर या यंत्राने कधीच मोजू नये.

दुसरे ठिकाण बाहेरून येणारी लाईन. वळवाच्या दिवसांत वीज कडाडली की लाईनीतून क्षणभर हजारो व्होल्टांचा तडाखा येऊ शकतो. चांगल्या मल्टीमीटरवर 'कॅट' या अक्षरांपुढे दोन, तीन, चार असे रोमन आकडे असतात. दोन म्हणजे प्लगला लावलेली उपकरणे, तीन म्हणजे भिंतीतील वायरिंग आणि बोर्ड, चार म्हणजे बाहेरून येणारी लाईन. ६०० व्होल्ट आणि 'कॅट तीन' असे प्रमाण असलेला मल्टीमीटर ६००० व्होल्टांचा क्षणिक तडाखा सोसेल अशी त्याची परीक्षा घेतलेली असते. स्वस्त नगावर अशी अक्षरे असली तरी छापलेले अक्षर म्हणजे पुरावा नव्हे. त्याच्या आतील काचेचा फ्यूज आणि बारीक वायरी पाहिल्या तरी त्याची पत कळते. म्हणून हा मल्टीमीटर बोर्डाच्या पलीकडे नेऊ नये. विजेच्या मीटरपासून मागची बाजू ही हेस्कॉमच्या माणसांची आहे. तेथे आपला हात जाऊच नये.

तिसरे ठिकाण शेताचे कुंपण. जंगलालगतच्या शेतांना रानडुकरे आणि गवे यांच्या भयाने सौरशक्तीवरचे झटका देणारे कुंपण घालतात. त्यातील झटका क्षणिक असला तरी हजारो व्होल्टांचा असतो. त्याला हा मल्टीमीटर लावल्यास मल्टीमीटर जळतो आणि धरणाऱ्यालाही झटका बसतो. कुंपण तपासण्याचे साधन निराळे मिळते, तेच वापरावे.

याला जोडून पंखा व पंप यांतील कंडेन्सरविषयी एक शब्द. वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. तो वायरमनकडून रिकामा करविल्याशिवाय त्याला मल्टीमीटर किंवा बोट लावू नये.

अर्थिंगचे खोटे आश्वासन

फेज व अर्थिंग यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला आणि २३० आले, म्हणजे अर्थिंग उत्तम आहे, असा समज फार रूढ आहे. हा समज घातक आहे. मल्टीमीटर स्वतःसाठी वीज अगदी नखभर घेतो. जमिनीशी केवळ नावापुरता, गंजलेला जोड असला तरी त्याला पूर्ण दाब दिसतो. परंतु गीझर किंवा इस्त्री बिघडून तिच्या अंगात वीज आली, तर तो क्षीण जोड ती वाहून नेऊ शकत नाही आणि ती वीज स्पर्श करणाऱ्याच्या देहातून जाते. तात्पर्य, २३० न आले तर अर्थिंग नक्की बिघडले आहे असे समजावे, परंतु आले म्हणून ते चांगले आहे असे समजू नये. खरी परीक्षा वायरमनजवळच्या अर्थ टेस्टरनेच होते. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ३० मिलिअँपिअरवर पडणारे ई.एल.सी.बी. बसवून घेणे, हे दहा मल्टीमीटर घेण्यापेक्षा श्रेयस्कर आहे.

घेताना आणि सांभाळताना

दुकानात पैसे देण्यापूर्वी वायरींची आणि सेलची कसोटी तेथेच करावी. त्यास पाच मिनिटे पुरतात. तार जुळली की आवाज देणारी घंटी असलेला नग थोडा महाग पडला तरी घ्यावा. तुटलेली वायर किंवा दिव्यांच्या माळेतील दोष शोधताना काचेकडे न पाहता कानाने काम होते. मात्र ओहमची किंवा घंटीची खूण वापरण्यापूर्वी उपकरण प्लगमधून काढलेलेच असले पाहिजे. नाताळच्या माळेतील कित्येक स्वस्त माळा थेट भिंतीच्या विजेवर चालतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आमच्या हवेत ओल हा मल्टीमीटरचा मोठा शत्रू. तो झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा. पावसाळाभर वापर नसेल तर आतील बॅटरी काढून ठेवावी, नाही तर ती पाझरून पट्ट्या खाते. बऱ्याच दिवसांनी वापरताना फिरते बटण आठ-दहा वेळा दोन्ही दिशांना फिरवावे, म्हणजे आतील पट्ट्यांवरील काट घासून निघते. वायरीचे आवरण चिरले तर चिकटपट्टी न लावता नवी वायर घ्यावी.

ज्याला बोर्डावर वारंवार काम करावयाचे आहे, किंवा ज्याचे पोटच या कामावर आहे, त्याने हजार-दीड हजार किंवा अधिक खर्चून नामांकित कारखान्याचा, 'कॅट तीन' प्रमाणाचा मल्टीमीटर घ्यावा. घरातील कर्त्या मुलाने वायरमनची विद्या शिकावयास घेतली असेल तर त्याच्यासाठी हा खर्च चैनीचा समजू नये.

राहिला सामान्य कुटुंबाचा प्रश्न. त्यांना आम्ही हा स्वस्त मल्टीमीटर जरूर घ्या असेच सांगू. सौरदिवा फेकून देण्यापूर्वी त्यातील सेल मोजला जाईल, चांगली बॅटरी रद्दीत जाणार नाही, वायरमनला बोलावताना दोष कोठे आहे हे सांगता येईल, आणि शाळेतील मुलाला व्होल्ट व ओहम हे केवळ पुस्तकातील शब्द वाटणार नाहीत. दोनशे रुपयांत एवढे पदरी पडणे काही थोडे नव्हे. मात्र चाकर कितीही प्रामाणिक असला तरी प्रत्येक चाकरावर घराच्या सर्व किल्ल्या सोपवीत नाहीत. बॅटरीची किल्ली त्याच्या हाती खुशाल द्यावी. प्राणांची किल्ली मात्र मेन स्विच, त्रिसूत्री आणि जाणता वायरमन यांच्याचकडे ठेवावी.